बडोद्यातल्या आई-बाबांना फ्लूची लस कधी?

एडिसनहून (न्यू जर्सी, अमेरिका):

मंडळी, नमस्कार.
काल फार्मसीत जाऊन फ्लूची आणि कोविडची लस एकदमच घेतली. एक डाव्या दंडात, एक उजव्या. रात्री कुठल्याच कुशीवर वळता येईना. सकाळी बडोद्याला फोन करून म्हटलं, तुम्हीही घेऊन टाका. बाबा ७८ वर्षांचे, त्यात दमा. तर त्यांचे डॉक्टर म्हणाले, "मे महिन्यात का नाही आलात?" मला वाटलं, टाळताहेत. फ्लू हिवाळ्यातला ना? तिथलं कुणी सांगेल का?

डांडिया बाजारातून (बडोदा):

अरे, डॉक्टर बरोबरच बोलले. तुमच्याकडे फ्लू थंडीबरोबर येतो, आमच्याकडे पावसाबरोबर. गणपतीत आमच्याकडे आरतीला टाळांपेक्षा खोकल्याचाच आवाज जास्त होता. त्यात गरबा आलाच. म्हणून इथे एप्रिल-मेमध्ये टोचून घ्यायची, कारण लस लागू पडायला दोनेक आठवडे जातात.

पण म्हणून आता सोडून देऊ नकोस. जानेवारी ते मार्च आपल्याकडे दुसरा फेरा असतो आणि बाबांना दमा आहे. आत्ता घ्या. पुढच्या मेमध्ये परत घ्यायची का, ते डॉक्टरांनाच विचार.

आणि एक. मागे मी भर मेमध्ये केमिस्टकडून लस आणली. त्याने कागदी पिशवीत घालून दिली, बर्फ नाही की काही नाही. मी ती अॅक्टिव्हाच्या सीटखाली ठेवली, वाटेत भाजी घेतली. दवाखान्यात डॉक्टरांनी पिशवीला हात लावला आणि म्हणाले, ही टाकून द्या. २ ते ८ डिग्रीत ठेवायची वस्तू, माझ्या डिकीत शिजली. पैसे गेले ते गेलेच. आता फोन करून आधी विचारते, तुमच्या फ्रिजमध्ये आहे का?

टोरांटोहून:

काकू, डबीवरचं सालही बघा. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा विषाणू ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिणेसाठी. मेमध्ये तुमच्याकडे ताजी असते ती दक्षिणेची. नकाशात बडोदं वर असलं तरी! चारऐवजी तीनच विषाणूंची मिळाली तरी घाबरू नका. बी-यामागाता हा प्रकार मार्च २०२० नंतर जगात कुठे सापडलेलाच नाही, म्हणून तो वगळतात.

माझे सासरे मात्र म्हणतात, लस घेतली की फ्लू होतो. टोचायच्या लसीत विषाणू मेलेला असतो, तो कसा करणार फ्लू? एक दिवस अंग मोडून येतं, बस.

तिकडे कोविडचं काय चाललंय?

डांडिया बाजारातून:

कोविडचं विचारू नकोस. २०२२ मध्ये १५ जुलैपासून ७५ दिवस बूस्टर फुकट होता, तेव्हा यांना ओढून नेलं. त्यानंतर आमच्या घरात कुणी बाही वर केलेली नाही. तुम्ही तिकडे दरवर्षी नवी घेता, इथे केमिस्टला विचारलं तर तो माझ्याकडेच बघत राहतो.

एडिसनहून:

काकू, डॉक्टरांकडे फ्रिजमध्ये लस आहे, बुधवारी सकाळी बोलावलंय. बाबा तयार आहेत, फक्त विचारताहेत की सुई डॉक्टर टोचणार की तो कंपाउंडर.