मदत हवी आहे: 'ॲक्च्युअली' स्पॅनिश आजींना कसं समजावू?

माद्रिदला शेजारच्या आजींना इंग्रजी शिकवतेय. गाडी 'ॲक्च्युअली'वर अडलीये. स्पॅनिशमध्ये 'आक्तुआल्मेन्ते' म्हणजे 'सध्या'. त्यामुळे काल त्या म्हणाल्या, 'ॲक्च्युअली आय लिव्ह अलोन' आणि मी उगाच हळहळले. त्यांची लेक महिनाभर गावी गेलीये, एवढंच! 'सध्या'साठी 'करंटली' वापरा, हे सांगून झालंय.

'थकले नाही, खरं तर भूक लागलीये' इथे 'एन रेआलिदाद' चपखल बसतं. पण कॉफी मागवून मन बदललं की आपण 'ॲक्च्युअली, चहाच द्या' म्हणतो ना, तिथे ते फारच जड वाटतं. (आपलं मराठी 'ॲक्च्युअली ना...' तर निव्वळ घसा खाकरणं!)

या मवाळ 'ॲक्च्युअली'ला रोजच्या बोलण्यातलं स्पॅनिश काय? नुसतं 'मेहोर' (म्हणजे 'त्यापेक्षा बरं') चालेल का? स्पॅनिश येणाऱ्यांनी प्लीज सांगा, गुरुवारी पुढचा तास आहे.