मदत हवी आहे: जर्मनीत शिकणारे विद्यार्थी आणि संख्याशास्त्र जाणणारं कुणी?

नमस्कार मंडळी. मी नाशिकला एमबीए करतेय. गूगल डॉक्स, मायक्रोसॉफ्ट टीम्सवर गटानं काम करणं विद्यार्थी कितपत स्वीकारतात, याची भारत-जर्मनी तुलना माझ्या प्रकल्पात आहे. आधार फ्रेड डेव्हिस या संशोधकाच्या १९८९ च्या तंत्रज्ञान-स्वीकार प्रारूपाचा (लोक नवं साधन का स्वीकारतात, हे सांगणारं मॉडेल): साधन उपयोगी वाटतं का आणि वापरायला सोपं वाटतं का.

पण आमच्या वर्गात गटाचं बहुतेक काम व्हॉट्सॲपवर, तेही मोबाइलवरूनच चालतं. मग दोन्हीकडची उत्तरं एकाच मापानं मोजायची कशी? नुसत्या सरासऱ्या शेजारी मांडणं मला पटत नाही. दोन गटांत प्रश्नावली सारखंच मोजते का, हे तपासणारं विश्लेषण कुणी केलंय? कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये?

जर्मनीत शिकणारं कुणी ओळखीचं असेल तर कृपया कळवा. प्रश्नावलीत नाव विचारलेलं नाही.