सिनॉडच्या अधिवेशनाला जाणाऱ्या प्रतिनिधीची तयारी कोणी करून घ्यायची?

पारिजात (धागाकर्ती)

मिसुरी सिनॉड या अमेरिकेतल्या लुथरन चर्चसंघाच्या अधिवेशनाबद्दल बरेच दिवस मनात घोळतंय ते मांडते. या सिनॉडबाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडं. दर तीन वर्षांनी अमेरिकाभरातल्या त्याच्या मंडळ्यांचं, म्हणजे स्थानिक चर्चांचं, राष्ट्रीय अधिवेशन भरतं. प्रत्येक मंडळी आपला प्रतिनिधी पाठवत नाही. सात ते वीस मंडळ्यांचं मिळून एक इलेक्टोरल सर्किट होतं आणि त्यातून दोघं जातात, एक पाळक आणि एक सामान्य सभासद. दोघांच्या मताचं वजन सारखं. म्हणजे त्या एका सभासदाच्या मताच्या बटणात कितीतरी मंडळ्यांचा आवाज असतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी त्याला कधी पाहिलेलंही नसतं.

त्याची तयारी कशी होते? सिनॉडकडून जाडजूड वर्कबुक येतं. त्यात अहवाल असतात, मंडळ्यांनी आणि डिस्ट्रिक्टांनी (सिनॉडच्या प्रादेशिक विभागांनी) पाठवलेले प्रस्ताव असतात. मग फ्लोअर कमिट्या, म्हणजे अधिवेशनासाठी ठराव तयार करणाऱ्या समित्या, त्यावरून ठरावांचे मसुदे करतात आणि ते 'टुडेज बिझनेस' या अधिवेशनाच्या कामकाज-पत्रिकेच्या पहिल्या अंकात छापून येतात. डिस्ट्रिक्ट एखादी माहितीसभा घेतं. त्याच सुमारास वेगवेगळ्या गटांची पत्रं सुरू होतात: याला मत द्या, हा ठराव पाडा.

या सगळ्यात मंडळी कुठे आहे? सर्किटातल्या मंडळ्यांनी प्रतिनिधीला दोन संध्याकाळी समोर बसवून मसुदे त्याच्याबरोबर वाचावेत, एवढंच माझं म्हणणं आहे.

एक उदाहरण देते. आमच्याकडे असं वाचन झालं तेव्हा एका ठरावाच्या 'ज्याअर्थी'च्या परिच्छेदांवर सगळ्यांनी माना डोलावल्या. भाषाच तशी होती, शास्त्रवचनांनी भरलेली. मागच्या बाकावरच्या एका निवृत्त हिशेबनिसांनी विचारलं, "आणि शेवटी ठरवलंय काय?" शेवटच्या दोन ओळींत एक अभ्यासगट नेमायचा होता. पैसे कुठून येणार, अहवाल कधी आणि कोणाला द्यायचा, यातलं काहीच नव्हतं. आमच्या प्रतिनिधीनं तिथेच पेन्सिलीनं दुरुस्ती लिहून घेतली. ठराव खालून वर वाचायचा हे त्याला कुठल्याही माहितीसभेत कोणी सांगितलं नसतं.

जुनाघाट

ताई, कळकळ पोचली, पण मला हे धोक्याचं वाटतं.

प्रतिनिधी म्हणजे निरोप्या नव्हे. दोन संध्याकाळी मंडळीनं त्याला बसवून घेतलं की तिसऱ्या दिवशी तो बांधला गेला. मग माइकपाशी कोणी कितीही सयुक्तिक बोलो, याच्या डोक्यात एकच, परत गेल्यावर काय उत्तर देऊ? हजारभर माणसं आपापल्या गावाहून पक्कं मत घेऊन आली तर सहा दिवस जमायचं कशाला? मतं पोस्टानंच मागवावीत.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, पंधरावा अध्याय पाहा. यरुशलेमेत पुष्कळ वादविवाद झाला, मग पेत्र उठला, मग बर्णबा आणि पौल बोलले आणि सारा समुदाय गप्प राहून ऐकत होता. ऐकत होता, हे महत्त्वाचं. अंत्युखियाच्या मंडळीनं पौलाला पाठवलं खरं, पण अमुक कलमाला 'नाही' म्हण असं सांगून पाठवलं नव्हतं.

आपल्या सिनॉडच्या घटनेतही, आठव्या अनुच्छेदात, स्पष्ट आहे की शिकवणीच्या आणि सद्‌सद्विवेकाच्या बाबी फक्त देवाच्या वचनानं ठरतील आणि बाकीच्या बहुमतानं. वचनानं ठरवायचं तर ते एकत्र ऐकावं लागतं. प्रतिनिधीची खरी तयारी म्हणजे प्रार्थना, शास्त्रवाचन आणि वर्कबुक. ती त्यानं स्वतः करावी.

तिसरीघंटा

जुनाघाट, तुमचं म्हणणं पाळकांच्या बाबतीत खरं आहे. सामान्य सभासदाच्या बाबतीत नाही.

पाळक वर्षभर पाळकांच्या परिषदांना बसतात, सर्किटच्या बैठकांना जातात, एकमेकांना फोन करतात. कुठला प्रस्ताव कशातून आला, कोण कोणाच्या विरोधात आहे, हे त्यांना अधिवेशनाआधी कितीतरी दिवस ठाऊक असतं. ते 'मोकळ्या मनानं' जातात म्हणजे सगळी माहिती घेऊन जातात. नर्स किंवा ट्रकचालक असलेला सभासद कामावरून सुट्टी काढून, घरच्यांची सोय लावून जातो. त्यानं एकट्यानं शेकडो पानं वाचायची आणि मग शेजारी बसलेल्या पाळकांच्या बरोबरीनं मत द्यायचं. अशानं तो शेजारी बघून बटण दाबणार. मग दोन मतं कागदावरच राहिली.

सभासदांना पाळकांइतकीच मतं द्यायची हे या सिनॉडनं 1847 साली शिकागोत स्थापना करतानाच ठरवलं होतं. सॅक्सनीहून आलेल्या लोकांनी एकाच बिशपच्या हाती सगळं सोपवल्याचे भोग भोगले होते, त्यातून हे शहाणपण आलं. त्या समान मताला अर्थ उरायचा असेल तर सभासदाला मुद्दाम जास्त तयार करायला हवं.

रानवारा

कोणाला मत द्यायचं हे सांगणाऱ्या गटांच्या याद्यांवर सगळे तुटून पडायच्या आत त्यांची बाजू मांडतो. मी अशा याद्या वापरल्या आहेत आणि त्यात काही गैर आहे असं मला वाटत नाही.

सिनॉडच्या अध्यक्षाची निवड आता अधिवेशनात होत नाही. 2013 पासून ती आधीच होते, आणि डिस्ट्रिक्ट अधिवेशनांना गेलेले मंडळ्यांचे प्रतिनिधी त्यासाठी मत देतात. पण उपाध्यक्ष, संचालक मंडळ, आयोग, सेमिनरींचे (पाळक घडवणाऱ्या विद्यालयांचे) रीजंट, म्हणजे नियामक मंडळाचे सदस्य, हे सगळे अधिवेशनातच निवडायचे असतात. उमेदवारांची नावं पानंच्या पानं. प्रत्येकाची चार ओळींची माहिती, आणि त्या चार ओळींत सगळेच निष्ठावान, सगळेच अनुभवी. दुसऱ्या टोकाच्या राज्यातला माणूस मला कुठून माहीत असणार? ज्यांच्या ईश्वरज्ञानावर माझा विश्वास आहे अशा लोकांनी नावं सुचवली तर ती मदतच आहे. तुमच्या दोन संध्याकाळीसुद्धा कोणीतरी म्हणणारच की हा चांगला, तो नको. फरक एवढाच की यादीवाले ते लिहून देतात.

पारिजात

रानवारा, फरक आहे. मंडळीत कोणी 'तो नको' म्हणालं तर पुढच्या बाकावरून लगेच 'का?' येतो. छापील यादीला 'का' विचारता येत नाही. ज्यांची नावं यादीत नाहीत त्यांच्याबद्दल ती काहीही न बोलता सगळं बोलून जाते.

लहान कॅटेकिझममध्ये, म्हणजे लूथरच्या धर्मशिक्षणाच्या छोट्या पुस्तकात, आठव्या आज्ञेखाली आपण मुलांकडून पाठ करून घेतो की शेजाऱ्याची बाजू घ्यावी, त्याच्याबद्दल चांगलं बोलावं, त्याच्या प्रत्येक गोष्टीचा भल्यातला भला अर्थ लावावा. उमेदवार हाही शेजारीच. माहिती नसेल तर त्याच्या डिस्ट्रिक्टच्या प्रतिनिधींना विचारता येतं. जेवणाच्या रांगेत, बसमध्ये, सकाळच्या उपासनेनंतर. अधिवेशनात त्यांची कमी नसते.

कंदील

आमचं घर इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका या दुसऱ्या लुथरन चर्चसंघात, म्हणजे तुमच्या भाषेत पलीकडच्या काठावर. पण प्रश्न तोच आहे म्हणून लिहितेय.

आमच्याकडे प्रिसायडिंग बिशपची, म्हणजे चर्चसंघाच्या प्रमुखाची, निवड चर्चवाइड असेंब्लीतच (आमच्या राष्ट्रीय अधिवेशनात) होते आणि पहिल्या फेरीला उमेदवारच नसतात. प्रत्येकानं कोऱ्या मतपत्रिकेवर नाव लिहायचं. पहिल्या फेरीत निवडून यायला तीन चतुर्थांश मतं लागतात, आणि तेवढी कोणाला मिळाली नाहीत तर फेऱ्या सुरू होतात. प्रचार नको, आत्म्याला वाट मोकळी राहावी, हा त्यामागचा भाव. मला ही पद्धत मनापासून आवडते. 2013 साली पिट्सबर्गला पदावर असलेल्या बिशपांऐवजी एलिझाबेथ ईटन निवडून आल्या. आधीच्या याद्यांतून तसं झालं असतं असं मला वाटत नाही.

आणि तरीही मी पारिजातच्या बाजूची आहे. कारण 2009, मिनियापोलिस. लैंगिकतेवरच्या सामाजिक निवेदनाला दोन तृतीयांश मतं हवी होती. बाजूनं 676, विरुद्ध 338. भागाकार करून पाहा, बरोबर दोन तृतीयांश. बाजूचा एक जण जरी पलीकडे गेला असता तरी निवेदन पडलं असतं. कोणाचं बरोबर होतं हा वाद इथे काढत नाही, तो माझ्या घरातही मिटलेला नाही. पण नंतर कितीतरी मंडळ्या बाहेर पडल्या, आणि बाहेर पडणाऱ्यांकडून एक वाक्य परत परत ऐकलं: आम्हाला कोणी विचारलंच नाही. अभ्यासाची पुस्तकं वर्षानुवर्षं निघत होती, मंडळ्यांकडे येत होती. कपाटातच राहिली. मत देऊन आलेला माणूस मंडळीला अनोळखी असेल तर त्याचं मतही अनोळखीच वाटतं.

जुनाघाट

कंदीलताई, तुम्ही 2009 सांगितलंत, मी 1973 सांगतो.

न्यू ऑर्लिन्स. सेंट लुइसच्या कॉन्कॉर्डिया सेमिनरीच्या बहुसंख्य प्राध्यापकांच्या शिकवणीचा निषेध करणारा ठराव 3-09. त्या अधिवेशनाइतकी तयारी आमच्या सिनॉडनं क्वचितच पाहिली असेल. दोन्ही बाजूंची पत्रकं, बैठका, मोजदाद. 574 विरुद्ध 451 नं ठराव झाला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत प्राध्यापक आणि विद्यार्थी सेमिनरीतून चालत बाहेर पडले, आणि 1976 मध्ये वेगळा चर्चसंघच निघाला. ठराव योग्य होता असं माझं मत आहे, तेव्हाही आणि आजही. पण त्या सभागृहात कोणी कोणाचं ऐकलं का? ऐकायला कोणी आलंच नव्हतं. तयारी म्हणजे हेच होणार असेल तर मला ती नको.

पारिजात

ती तयारी गटांनी केली होती, मंडळ्यांनी नाही. मतभेदाचा माणूस ज्या खोलीत नसतो तिथे झालेली तयारी तशीच होणार. मंडळीत दोन्ही बाजूंचे लोक एकाच वेदीपाशी गुडघे टेकतात. तिथे वाचन झालं तर प्रतिनिधी विरुद्ध बाजूचं म्हणणं त्या बाजूच्याच माणसाकडून ऐकून जातो. त्याला मी बांधलेपण म्हणत नाही, तिथेच त्याचे कान उघडतात.

दोनप्रहर

वाद चालू द्या, पण तयारीतली एक बाजू कोणीच काढली नाही: कामकाजाचे नियम.

नवखा प्रतिनिधी समजतो की ठरावावर बोलायचं तर अधिवेशनात माइकपाशी उभं राहायचं. तोवर बहुतेक उशीर झालेला असतो. मसुदे आधी हातात पडतात ते यासाठीच, की फ्लोअर कमिटीला लेखी सूचना करता यावी. कमिटीनं ती मसुद्यातच घेतली तर माइकची गरजच उरत नाही. सभागृहात तीच दुरुस्ती मांडायला गेलात तर तिच्यावर चर्चा, तिच्यावर मत, आणि घड्याळ पुढे पळतंय. तेवढ्यात कोणीतरी उठून चर्चा थांबवण्याची सूचना करतं. ती दोन तृतीयांशांनी मंजूर झाली की रांगेत उभे असलेले सगळे जागेवर परत. अशा वेळी सभासदांचे चेहरे पाहवत नाहीत. महिनाभर लिहिलेलं भाषण हातात तसंच राहतं.

आणखी एक. बरेच प्रस्ताव स्वतंत्र ठराव होऊन येतच नाहीत. ते ऑम्निबस ठरावात एकत्र बांधले जातात आणि एका मतात निकालात निघतात. तुमच्या मंडळीनं जिवापाड लिहिलेला प्रस्ताव त्या गठ्ठ्यात गेलाय का, हे प्रतिनिधीनं आधी शोधायला हवं. ते वर्कबुकात बोट ठेवून शोधावं लागतं, नुसत्या मोकळ्या मनानं सापडत नाही.

म्हणून माझी मागणी दोन संध्याकाळींपेक्षा वेगळी आहे. एक शनिवार, सर्किटातल्या सगळ्या इच्छुकांना घेऊन, लुटुपुटूचं अधिवेशन. खोटा ठराव, खरे नियम. दुरुस्ती, दुरुस्तीवर दुरुस्ती, चर्चाबंदी, सगळं एकदा तोंडानं म्हणून बघायचं.

रानवारा

याला माझा पूर्ण पाठिंबा. यादीवाल्यांनाही बोलवा.

तिसरीघंटा

दोनप्रहर, सराव चालेल, पण शनिवारऐवजी रविवारी उपासनेनंतर घ्या. शनिवारी काम करणारे पुन्हा बाहेरच राहतील. आणि बायकांना मुद्दाम विचारा. आमच्या सिनॉडमध्ये 1969 पर्यंत त्यांना मताचा अधिकारच नव्हता, आणि अजूनही नावं सुचवताना पहिली पाच पुरुषांचीच येतात.

जुनाघाट

नियमांचा सराव मला मान्य आहे, त्यात कोणी बांधलं जात नाही. पारिजातताईंच्या वाचनाबद्दलही एका अटीवर माझा विरोध सोडतो. शेवटी हात वर करून मंडळीचं मत घ्यायचं नाही. 'आमचं बहुमत असं आहे' हे वाक्य प्रतिनिधीच्या कानावर पडताच कामा नये. शंका सांगा, अनुभव सांगा, प्रार्थना करा आणि जाऊ द्या.

पारिजात

मतदान नको, हे मान्य. पण माझीही एक अट आहे. तो परत आला की सर्किटातल्या प्रत्येक मंडळीत जाऊन त्यानं समोरासमोर सांगायचं, कुठे काय मत दिलं आणि का दिलं. घरी ऐकलेल्याच्या उलट दिलं असेल तर तेही. घटनेच्या सातव्या अनुच्छेदाप्रमाणे मंडळीच्या कारभारापुरता सिनॉड सल्ला देणारी संस्था आहे, हुकूम सोडणारी नाही. मग तो सल्ला कसा तयार झाला हे मंडळीला तिच्याच माणसाकडून कळायला नको का?

जुनाघाट

प्रत्येक मंडळीत जाणं वीस मंडळ्यांच्या सर्किटात एका माणसाला झेपणार नाही. पाळक आणि सभासदानं वाटून घ्यावं. आणि सभासदानं पाळकाच्या मंडळीत जावं, पाळकानं सभासदाच्या.