खोलीआधी मॉर्फिनचं विचारा
काकांसाठी धुळे-जळगावकडे आजाराच्या शेवटच्या टप्प्यातली सेवा कशी पारखायची, असं वर विचारलंय आणि बहुतेकांनी खोली, एसी, दर यावरच लिहिलंय. माझा पहिला प्रश्न वेगळा असेल: तोंडावाटे द्यायचं मॉर्फिन (तीव्र वेदनांवरचं औषध) तुमच्याकडे मिळतं का? २०१४ मध्ये एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं. तरी ‘सवय लागेल’ म्हणून टाळणारे भेटतातच. साध्या गोळीचा असर साधारण ४ तास टिकतो, म्हणून ती घड्याळ लावून द्यायची, दुखायला लागल्यावर नाही. आणि मॉर्फिनने बद्धकोष्ठता होते, म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध लिहिलं नसेल तर समजा, डॉक्टरांचा हात अजून बसलेला नाही.

आमच्या आबांच्या वेळी एका सेवेने (नाव नको) २४ तास फोन चालू असतो म्हणून सांगितलं होतं. रात्री २ वाजता धाप लागली, तर उत्तर आलं, “सकाळी घेऊन या.” मे महिन्यात, अमळनेरजवळच्या खेड्यातून! म्हणून पैसे भरण्याआधी एकदा अपरात्री फोन करून बघाच. नर्स गावापर्यंत येते की शहराच्या हद्दीतच, हेही तेव्हाच विचारून घ्या.

कुशीवर वळवणं, तोंड ओलं ठेवणं, ड्रेसिंग हे घरच्यांना शिकवतात का? आणि भाषा. दुसऱ्या सेवेकडून अहिराणी बोलणारी मावशी आली तेव्हा कुठे आबा ‘पोटमा दुखस’ म्हणाले. तोवर डॉक्टरांपुढे नुसते “बरं आहे” म्हणायचे.