‘प्रभू हृदय पाहतो’ म्हणून रजिस्टरवर खोट्या सह्या करायच्या का?

मोहरीचा दाणा

परवा एका विश्वासणाऱ्या भावाने लिहिलं होतं की कामाच्या ठिकाणी थोडंफार खोटं चालतंच, बायबल आणि व्यवहार यांची गल्लत करू नये, शेवटी प्रभू हृदय पाहतो. खाली पंधरा-वीस ‘आमेन’. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

ते वचन १ शमुवेल १६:७ मधलं. इशायाचा थोरला मुलगा अलीयाब समोर आला, त्याची उंची आणि रूप पाहून नवा राजा निवडायला आलेल्या शमुवेल संदेष्ट्याला वाटलं, हाच राजा. तेव्हा देवाने त्याला थांबवलं. म्हणजे बाहेरून चांगलं दिसणाऱ्याला भुलू नको, हा तिथला मुद्दा. बाहेर वाईट वागून आत चांगलं असल्याचा दाखला मिळेल, असं तिथे कुठेही नाही. प्रभू हृदय पाहतो याची खरं तर धास्ती वाटायला हवी.

माझंच सांगतो. मी गोदामात कामाला आहे. आग विझवायच्या सिलिंडरची तपासणी दर महिन्याला करून रजिस्टरवर सही करायची असते. तीन महिने कोणी केलीच नव्हती. तपासणीवाले येणार म्हणून साहेबांनी रजिस्टर पुढ्यात ठेवलं आणि सोबत तीन पेनं दिली. दोन निळी, एक काळं. सगळ्या सह्या एका शाईच्या दिसू नयेत म्हणून. मी केल्या. एक सही मुद्दाम जरा तिरकी केली. त्या रविवारी उपासनेत इफिसकरांस ४:२५ वाचलं गेलं, लबाडी सोडून आपापल्या शेजाऱ्याशी खरं बोला. डोकं वर करवेना. सोमवारी जाऊन सिलिंडर पाहिले, तर दोघांचा काटा हिरव्या पट्टीच्या खाली, लालमध्ये. आणि त्यांच्यावर ‘ठीक’ म्हणून माझी सही होती.

मग सांगा, व्यवहार आणि बायबल वेगळं कुठे करायचं?

जुना करार

भाऊ, बरोबर लिहिलंत, पण सुरुवात चुकीच्या टोकापासून केलीत. माणूस आधी देवाला फसवतो, साहेबाला नंतर. मलाखी ३ वाचा. पूर्ण दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, देवाच्या भांडारात आणा, असं स्पष्ट लिहिलं आहे. आज मंडळीत किती जण पूर्ण देतात? देवाच्या पैशात हात मारणाऱ्याला रजिस्टरवर खोटी सही करायला कितीसा वेळ लागणार? मूळ तिथे आहे.

रात्रपाळी

मोहरीचा दाणा, तुमच्या सह्या चुकीच्याच होत्या. पण ‘खोटं म्हणजे खोटं’ एवढ्यावर भागत नाही. इब्री मुलगे जन्मताच मारा, असा मिसरच्या राजाचा, फारोचा हुकूम होता. तो न पाळणाऱ्या शिफ्रा आणि पुवा या सुइणी फारोला काय म्हणाल्या? इब्री बायका आम्ही पोचायच्या आधीच बाळंत होतात. आणि पुढे लिहिलं आहे, देवाने त्यांचं भलं केलं. यरीहोतल्या राहाबेने इस्राएलच्या हेरांना छपरावर लपवलं आणि राजाच्या माणसांना ‘ते गेले’ म्हणून सांगितलं. तिचं नाव इब्री लोकांस पत्राच्या ११ व्या अध्यायात, विश्वासाने जगलेल्यांच्या यादीत आहे.

मी वृद्धांची काळजी घेते. एक आजी आहेत, स्मृती गेलेली. रोज संध्याकाळी दिवे लागले की दाराकडे बघत विचारतात, ‘हे आले का?’ ते जाऊन नऊ वर्षं झाली. सुरुवातीला मी खरं सांगायचे. दर संध्याकाळी त्या नव्याने विधवा व्हायच्या. पदराचं टोक तोंडात कोंबून रडायच्या आणि सकाळी सगळं विसरलेल्या असायच्या. मग मी ‘येतीलच’ म्हणायला लागले. आता मला सांगा, मी अविश्वासू झाले का? जुन्या काळचा धर्मशिक्षक ऑगस्टीन, त्याने खोट्यावर दोन ग्रंथ लिहिले आणि जीव वाचवायलाही खोटं बोलू नये म्हटलं. त्याने त्या आजींचा चेहरा पाहिला नव्हता.

मोहरीचा दाणा

ताई, तुमच्यावर बोट उचलायची माझी लायकी नाही. फरक एवढाच दिसतो की सुइणींनी दुसऱ्यांची लेकरं वाचवायला आपला जीव धोक्यात घातला. मी माझी बढती वाचवायला दुसऱ्यांचा जीव धोक्यात घातला. राहाबेचं नाव घेऊन आपण जी खोटी बोलतो, त्यातली बहुतेक माझ्या जातकुळीची असतात.

आणि इब्री ११:३१ नीट पाहिलंत तर तिने हेरांचा स्वीकार केला, याचं कौतुक आहे. खोट्याचं नाही.

रात्रपाळी

याकोब २:२५ मध्ये त्यांना दुसऱ्या वाटेने पाठवलं, हेही कौतुकात धरलंय. ते खोट्याशिवाय कसं जमलं असतं? पण तुमचा पहिला मुद्दा मान्य. बढतीसाठीचं खोटं राहाबेच्या पदराखाली लपवू नये.

तिसरा बाक

जुना करार, पूर्ण दशमांश म्हणजे कशाचा? कपातीआधीच्या पगाराचा की हातात पडणाऱ्या? हा प्रश्न मी पाळकांना विचारला तर ‘ज्याचा विश्वास मोठा तो ग्रॉसवर देतो’ असं उत्तर मिळालं.

जुना करार

ग्रॉसवरच. प्रथमफळ देवाचं. सरकारने आधी कापलं तरी ते तुमचं उत्पन्नच आहे. यात विचारायचं काय?

तिसरा बाक

विचारायचं बरंच आहे. बायबलमधलं अनुवाद नावाचं पुस्तक, अध्याय १४ उघडा. दशमांश धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा. वाट लांबची असेल तर तो विकून चांदी घ्या, त्या ठिकाणी जाऊन मनाला येईल ते विकत घ्या आणि कुटुंबासकट देवापुढे खाऊन आनंद करा. दर तिसऱ्या वर्षी तो गावातच ठेवायचा, लेवी (उपासनेची सेवा करणारं, वतन नसलेलं कुळ), परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर जेवावं म्हणून. हा भाग मी आजवर एकाही दानाच्या संदेशात ऐकलेला नाही. तुम्ही ऐकलाय?

जुना करार

शास्त्रातून पळवाटा शोधणारे सगळ्या काळात होते. अब्राहामाने मोशेच्या नियमशास्त्राच्या आधीच मलकीसदेक या याजक-राजाला दशमांश दिला. मी तीस वर्षं देतोय, एक महिना चुकवलेला नाही. कर्ज होतं तेव्हाही दिला. तुमच्यासारख्यांना द्यायचंच नसतं, म्हणून अनुवाद आठवतो.

तिसरा बाक

‘तुमच्यासारखे’ म्हणजे कोण? मी काय देतो ते तुम्हाला ठाऊक आहे का?

माझा मोठा भाऊ ग्रॉसवर देतो, न चुकता, पाकिटावर रक्कम लिहून. आईच्या औषधांचा अर्धा वाटा मागितला की म्हणायचा, ‘या महिन्यात प्रभूचं काढून झालं, आता हात रिकामा आहे.’ आई असेपर्यंत चार वर्षं हेच ऐकलं. मार्क ७:११ मध्ये येशू यावरच चिडला होता. आईबापाला जे द्यायचं ते ‘कुर्बान’ म्हणून देवाच्या नावाने बाजूला काढलं की जबाबदारी संपली! मला दशमांशाचा राग नाही. त्या पाकिटाचा आहे.

दिवटी

मूळ प्रश्न कुठे राहिला? पण तो विषय निघालाच आहे तर माझंही ऐका. ही सगळी भांडणं एकेक वचन सुटं उचलल्यामुळे होतात. वचनांचे आकडे मुळात नव्हतेच. अध्याय तेराव्या शतकातले. नव्या कराराचे आजचे आकडे १५५१ मध्ये एस्तिएन नावाच्या छपाईवाल्याने घातले. त्याआधी पत्र म्हणजे पत्र, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचायचं.

यिर्मया २९:११ बघा. ‘तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत.’ प्रत्येकाच्या मोबाइलवर, भिंतीवर. ते बाबेलात धरून नेलेल्यांना पाठवलेल्या पत्रात आहे आणि त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षं लिहिली आहेत! आदल्या अध्यायात हनन्या ‘दोन वर्षांत सगळं ठीक होईल’ म्हणाला, तो खोटा संदेष्टा ठरला. आपण नाव यिर्मयाचं घेतो आणि वायदा हनन्याचा करतो. माझी नोकरी गेली तेव्हा मला ते वचन अकरा जणांनी पाठवलं. घरी येऊन बसलं कोणी नाही.

जुना करार

वचनाने धीर मिळतो, त्यातही तुम्हाला खोट दिसते? आणि मोहरीचा दाणा, स्पष्टच बोलतो. सिलिंडरची गोष्ट सगळ्यांपुढे सांगून स्वतःचा चांगुलपणा मिरवणं, हे मत्तय ६:१ मध्ये, लोकांनी पाहावं म्हणून धर्माचरण करू नका, त्यात बसतं का, तेही बघा.

मोहरीचा दाणा

बोचलं. कारण गोष्ट मी अर्धीच सांगितली होती.

काटे लाल दिसल्यावर सिलिंडर भरून आणायला सांगितलं, ते झालं. पण सह्यांबद्दल मी कोणालाच काही बोललो नाही. ती पानं अजून त्या कपाटात आहेत. बढतीही मिळाली. जकातदार जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत करतो म्हटलं, मी एकपटही केलेलं नाही.

आणि दशमांशावर एवढं चाललंय म्हणून सांगतो, प्रेषितांच्या कृत्यांतलं जोडपं, हनन्या (हा वेगळा, यिर्मयाच्या काळातला नव्हे) आणि सप्पीरा, जमीन विकून आलेल्यातलं कमी दिल्यामुळे मेले नाहीत. पेत्र त्याला म्हणाला, विकण्याआधी जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच हातात होता. भाग ठेवून घेतला आणि पूर्ण दिल्यासारखा आणून ठेवला, तिथे गुन्हा झाला. इथे मीही अर्धं सांगून पूर्ण सांगितल्यासारखं दाखवलं.

रात्रपाळी

एवढं उघडपणे लिहायला धाडस लागतं. जुना करार, तुम्ही जरा कठोर बोललात.

जुना करार

बोललो. खरं निघालं, तरी तसं बोलायला नको होतं.

तिसरा बाक

मग माझ्या कुर्बानवरही बोला. ते टाळू नका.

जुना करार

बोलतो. मत्तय २३:२३ मध्ये येशू परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या पंथाला, म्हणतो की पुदिना, शेप आणि जिरे यांचा दशमांश देता, पण न्याय, दया आणि विश्वास सोडता. पण तिथेच तो म्हणतो, हे करायचं होतं आणि तेही सोडायचं नव्हतं. म्हणजे दशमांश रद्द केलेला नाही. तुमच्या भावाने आईला टाळलं ते चूक, एवढं मान्य. दशमांशामुळे चूक झाली, हे अमान्य.

तिसरा बाक

‘एवढं मान्य’ ऐकायला चार वर्षं लागली. भावाकडून नाही, पण चालेल. आता त्याच न्यायाने लेवीय १९:१३ घ्या. मजुराची मजुरी सकाळपर्यंतसुद्धा आपल्याकडे ठेवायची नाही. किती दशमांश देणारे हे पाळतात?

रात्रपाळी

मी कालपासून एक वेगळं करून पाहिलं. आजींनी विचारलं, ‘हे आले का?’ मी शेजारी बसले आणि म्हटलं, ‘त्यांची फार आठवण येते ना? सांगा की, कसे होते ते.’ वीस मिनिटं बोलत होत्या. त्यांनी आपल्याला सायकल कशी शिकवली, पडल्यावर दोघं कसे हसले. मग झोपल्या. खोटं बोलावं लागलं नाही. रोज जमेल असं नाही. राहाबेबद्दल मी मागे हटलेले नाही, पण मी सोपी वाट फार लवकर धरली होती, हे दिसलं.

मोहरीचा दाणा

ताई, मी रजेचा अर्ज टाकायच्या बेतात होतो, हे वाचून तो फाडला. सोमवारी साहेबांकडे जातो. ती तीन पानं मी भरली, तपासणी झाली नव्हती, असं लिहून आणि तारीख घालून देणार. नोकरीचं काय होईल ते माहीत नाही. माझ्यासाठी प्रार्थना करा.

जुना करार

करीन.

तिसरा बाक, तुमचं लेवीय काल रात्री वाचलं. माझ्याकडे दुकानात एक मुलगा आहे. मी एक तारखेला दशमांश वेगळा काढतो आणि त्याचा पगार दहाला, कधी बाराला देतो. तो कधी बोलला नाही, म्हणून माझ्याही लक्षात आलं नाही. आज त्याचा हिशेब चुकता केला. त्याने पैसे दोनदा मोजले आणि विचारलं, ‘शेठ, कामावरून काढताय का?’

दशमांश ग्रॉसवरच, त्यावर मी हटणार नाही.