जीडीबी डीबगरमधून डिटॅच करताना अडकतं, प्रोसेस मात्र चालू ठेवायची आहे

राजवाडा_रूट:
लिनक्सवर सी प्लस प्लसची सर्व्हिस आहे, ४० थ्रेड. नॉन-स्टॉप मोडमध्ये (एक थ्रेड थांबला तरी बाकीचे चालू राहतात) जीडीबी जोडून दोन ब्रेकपॉइंट (थांबायच्या जागा) टाकले, हवं ते पाहिलं आणि डिटॅच (प्रोसेस सोडून द्यायची कमांड) दिलं. प्रॉम्प्ट परत येत नाही, कंट्रोल-सीलाही दाद नाही. सर्व्हिस विजयनगरच्या ऑफिसात चालते, लॉग एनएफएसवरून (नेटवर्कवरची फाइल सिस्टीम) पलासियाच्या फाइल सर्व्हरवर लिहिले जातात. जीडीबीला सरळ किल मायनस ९ (सक्तीने मारणारा सिगकिल) देऊ का? बिलिंग याच सर्व्हिसवर आहे, ती पडता कामा नये.

सराफा_रात्रपाळी:
भिया, मायनस ९ आत्ता नको.

पीट्रेसचा (डीबगर ज्या कर्नल कॉलने प्रोसेस धरतो तो) नियम असा की थ्रेड थांबलेला असेल तरच त्याच्यापासून डिटॅच होता येतं. नॉन-स्टॉपमध्ये थ्रेड पळत असतात, म्हणून जीडीबी आधी प्रत्येकाला सिगस्टॉप (थांबवणारा सिग्नल) पाठवतो आणि सगळे थांबायची वाट पाहतो. एक जरी थांबला नाही तरी वाट संपत नाही. दुसऱ्या टर्मिनलवर पीएस कमांडला मायनस एल देऊन थ्रेडनिहाय स्टॅट (स्थिती) आणि डब्ल्यूचॅन (कर्नलमध्ये कुठे थांबलाय) हे कॉलम काढा. छोटा टी म्हणजे ट्रेसरने थांबवलेला, मोठा टी म्हणजे सिग्नलने थांबलेला. आपल्याला डी शोधायचा आहे, म्हणजे कर्नलमध्ये वाट पाहत बसलेला, साध्या सिग्नलला न उठणारा.

राजवाडा_रूट:
३९ थ्रेड छोट्या टीमध्ये, एक डीमध्ये. त्याच्यासमोर आरपीसी_वेट_बिट_किलेबल दिसतंय.

सराफा_रात्रपाळी:
मग जीडीबीचा दोष नाही. लॉग लिहिणारा थ्रेड फाइल सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत कर्नलमध्ये बसलाय. हार्ड माउंट (उत्तर येईपर्यंत प्रयत्न चालूच) असेल तर तो फक्त सिगकिलला उठतो, सिगस्टॉप नुसता रांगेत पडून राहतो. पलासियाची लिंक आणि एनएफएसचा २०४९ पोर्ट तपासा. सर्व्हर परत आला की थ्रेड सुटेल आणि अडकलेलं डिटॅच आपोआप पूर्ण होईल. हाच उत्तम मार्ग.

लिंक लवकर येणार नसेल तरच जीडीबी मारायचा विचार करा. तो मेला की कर्नल सगळे थ्रेड स्वतःच सोडतो, पण दोन गोष्टी मागे राहू शकतात. पहिली, ब्रेकपॉइंट: एक्स८६वर तिथे आयएनटी३ची सूचना, म्हणजे सीसी हा बाइट लिहिलेला असतो. ट्रेसर नसताना एखादा थ्रेड त्यावर आला की सिगट्रॅप (ब्रेकपॉइंटचा सिग्नल), आणि सर्व्हिस खलास. म्हणून जीडीबीने थ्रेड धरून ठेवलेत तोवरच, रूट म्हणून, प्रोसेसच्या प्रॉकमधल्या (कर्नल प्रोसेसची माहिती दाखवतो ती डिरेक्टरी) मेम फाइलमधून, म्हणजे तिच्या मेमरीतून, ब्रेकपॉइंटच्या पत्त्यावरचा एक बाइट डीडी कमांडने वाचा. सीसी असेल तर ऑब्जडंपमध्ये (बायनरीतल्या सूचना दाखवणारं टूल) मूळ बाइट पाहून तो तिथेच परत लिहा. बायनरी पीआयई (कुठल्याही पत्त्यावर लोड होणारी) असेल तर लोड पत्ता वजा करायला विसरू नका, नाहीतर भलत्याच ओळीचा बाइट उचलाल.

दुसरी, रांगेतला सिगस्टॉप. डीमधला थ्रेड जागा झाला की तो सिग्नल पोचतो आणि अख्खी प्रोसेस मोठ्या टीमध्ये जाते. जीडीबी मारल्यावर लगेच सिगकॉन्ट (पुन्हा चालू करणारा सिग्नल) द्या. सिगकॉन्ट रांगेतले थांबवणारे सिग्नल पुसून टाकतो, त्यामुळे थ्रेड उठायची वाट बघायची गरज नाही.

छप्पन_दुकान:
थोडी भर. डी दिसला म्हणजे एनएफएसच असं नाही. व्हीफोर्क केलेला (मूल प्रोसेस काढलेला) थ्रेडसुद्धा ती मूल प्रोसेस एक्झेक करेपर्यंत (नवा प्रोग्रॅम सुरू करेपर्यंत) किंवा संपेपर्यंत डीमध्ये दिसतो. डब्ल्यूचॅन पाहिल्याशिवाय नेटवर्कवाल्यांना फोन करू नका.

चालू सर्व्हिसवर फक्त बॅकट्रेस (फंक्शन कॉलची साखळी) हवा असेल तर ब्रेकपॉइंट कशाला? बॅच मोडमध्ये ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी’ देऊन बाहेर पडा. मात्र डीमधला थ्रेड असेल तर जोडतानाच अडकाल, ईयू-स्टॅक हे स्टॅक दाखवणारं टूलही पीट्रेसच वापरतं म्हणून त्यानेही सुटका नाही. अशा थ्रेडसाठी प्रॉकमधली त्याची स्टॅक फाइल रूटने वाचा, निदान कर्नलच्या बाजूचा स्टॅक मिळतो.

राजवाडा_रूट:
लिंक आली, डिटॅच सुटलं, सर्व्हिस चालू आहे. आता माउंट सॉफ्ट (उत्तर न आल्यास प्रयत्न सोडणारा) करून टाइमओ (वाट पाहायची मुदत) ६० ठेवू का?

सराफा_रात्रपाळी:
टाइमओ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात, तुमचे ६० म्हणजे ६ सेकंद. टीसीपीवर डिफॉल्ट ६०० असतो. आणि सॉफ्टमध्ये वेळ संपली की राइटला एरर येते. तुमचा लॉगर ती तपासतो का ते आधी बघा. त्यापेक्षा लॉग लोकल डिस्कवर लिहा आणि आरसिसलॉग या लॉग पाठवणाऱ्या सर्व्हिसने पलासियाला पाठवा.