भाडं नाही हललं तरी बोलण्यासारखं बरंच असतं
भाडेकरार पुन्हा करताना मालक वाढीव भाड्याचा आकडा सोडत नसेल तर विषय संपला, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. घर एक महिना रिकामं राहिलं की मालकाच्या वर्षभराच्या भाड्यातला बारावा हिस्सा, म्हणजे ८ टक्क्यांहून जास्त, बुडतो. दलाली आणि रंगकाम वेगळंच. त्यामुळे वेळेवर भाडं देणाऱ्याने वाढ कमी करा म्हणणं हा आगाऊपणा नव्हे, दोघांच्याही सोयीचं आहे. तरीही आकडा अडला, तर डिपॉझिट, लॉक-इन (करार मध्येच मोडता येत नाही तो काळ), घर सोडण्याच्या नोटीसची मुदत यांवर बोला. मेंटेनन्स तर भाड्यातच धरायला लावा, म्हणजे मध्येच वाढला तरी भुर्दंड तुमच्यावर पडत नाही. आणि ठरेल ते करारात लिहून घ्याच. उद्या घर विकलं गेलं तर तोंडी कबुली नवा मालक ऐकणार नाही.